वणीला जायचंय... पण नक्की कुठे?

वर्षातून दोनदा, नवरात्राच्या तोंडावर आणि मग चैत्रात, ऑफिसमध्ये माझा भाव एकदम वधारतो. कारण काय, तर मी मूळचा नाशिकचा. "अरे, आई म्हणतेय वणीला जाऊन येऊ. कसं जायचं रे?" विचारणारा साधारण तिशीच्या आतबाहेरचा, हिंजवडीत काम करणारा, स्वतःची गाडी असलेला. नकाशा खिशातच असतो त्याच्या, तरी विचारतो.

आणि विचारतो ते बरंच करतो. वणीबद्दल जे काही छापील किंवा नेटवर मिळतं त्यात साडेतीन शक्तिपीठांपैकी हे अर्धं पीठ, देवीला अठरा हात, प्रत्येक हातातलं आयुध, महिषासुराची कथा, सगळं असतं. मुंबईपासून इतके किलोमीटर, पुण्यापासून तितके किलोमीटर, हेही असतं. नसतं ते एवढंच, की आईचे गुडघे दुखतात, बाबांना दर तासाला बाथरूमला लागतं, बरोबर चार वर्षांचं पोर आहे, आणि अशा माणसांनी तिथे पोचून नेमकं काय करायचं.

आपल्या धंद्यात याला 'हॅपी पाथ' म्हणतात. सगळं सुरळीत चाललं तर काय होईल तेवढंच लिहायचं आणि बाकीच्या केसेस 'नंतर बघू' म्हणून सोडायच्या. गंमत अशी की गडावर या बाकीच्या केसेसच मुख्य युजर आहेत. पंचविशीचा, ठणठणीत, दोन तासांत दर्शन घेऊन पाच वाजता परत निघणारा भाविक हा तिथला अपवाद! म्हणून मला वाटतं, वणीची माहिती अपुरी आहे ही तक्रारच मुळात चुकीची. माहिती भरपूर आहे, फक्त ती येणाऱ्या माणसाकडे बघून लिहिलेली नाही.

तर आधी नावाचा घोळ मिटवू.

आपण जिला 'वणीची देवी' म्हणतो तिचं मंदिर वणी गावात नाही. वणी हे दिंडोरी तालुक्यातलं मोठं बाजाराचं गाव. सप्तशृंगी गड आहे कळवण तालुक्यात. नाशिकहून दिंडोरीमार्गे वणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तिथून पुढे नांदुरी हे पायथ्याचं गाव, आणि नांदुरीपासून दहा-एक किलोमीटरचा घाट चढला की गडावरचं गाव. म्हणजे नकाशात नुसतं 'वणी' टाकून निघालात तर बाई सांगेल "तुम्ही पोचला आहात", आणि तुम्ही उभे असाल बाजारपेठेत. देवी अजून वीस-पंचवीस किलोमीटर लांब!

मुंबई-पुण्याकडून येणारे वाटेत वणी लागते म्हणून 'वणी' म्हणतात. धुळे-मालेगावकडून येणारे देवळा-कळवणमार्गे नांदुरीला येतात, त्यांच्या वाटेत वणी येतच नाही. ते सरळ 'गडावर चाललो' म्हणतात, आणि त्यांचंच बरोबर आहे. त्यामुळे शोधताना, तिकीट काढताना, ड्रायव्हरला सांगताना 'सप्तशृंगी गड' असंच म्हणा.

त्यात आणखी एक वणी आहे, यवतमाळ जिल्ह्यात, कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध. तिला रेल्वे स्टेशन आहे, आपल्या वणीला नाही. एकाच नावाची दोन व्हेरिएबल्स, दुसरं काय! रेल्वेच्या तिकिटात 'वणी' सापडली म्हणून हरखून जाऊ नका, ती गाडी तुम्हाला गडापासून पाचशे किलोमीटरहून जास्त लांब नेऊन सोडेल. गडासाठी सोयीचं स्टेशन म्हणजे नाशिक रोड. आणि नाशिक रोड म्हणजे नाशिक शहराचा मध्य नव्हे, तिथून जुन्या शहरात यायला आणखी नऊ-दहा किलोमीटर. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये हा वेळ हिशोबात धरा.

आता गाडी नसेल तर. (हो, अशीही माणसं असतात, आणि गडावर तीच जास्त दिसतात.) नाशिकहून गडावर एसटी थेट जाते. फक्त नाशिकमध्ये सीबीएस, ठक्कर बाजार, महामार्ग अशी वेगवेगळी बसस्थानकं आहेत, तेव्हा रिक्षात बसण्याआधी चौकशी करून गडाची गाडी कुठून सुटते ते विचारून घ्या. आईवडलांना नेत असाल तर आधार कार्ड बरोबर ठेवा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. पैशाचा प्रश्न नसला तरी सांगा त्यांना. आपलं तिकीट आपण स्वतः, तेही फुकट काढलं, याचा आनंद सत्तरी-पंच्याहत्तरीत काही वेगळाच असतो :-)

जाताना एक प्रश्न कंडक्टरला हमखास विचारायचा: "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" मंदिर किती वाजता उघडतं हे शंभर ठिकाणी लिहिलेलं असतं. पण कुटुंबाची संध्याकाळ सुखाची जाणार की नाही ते ठरतं शेवटच्या एसटीवर. ती चुकायची शक्यता वाटली तर घाईघाईत जीप पकडण्यापेक्षा गडावर राहा. देवस्थान ट्रस्टचं भक्तनिवास आहे, प्रसादालय आहे. गर्दीच्या दिवसांत मात्र खोलीची चौकशी निघण्याआधी करा, पोचल्यावर नको.

मग गुडघे. गडावरच्या गावात गाडी पोचते, तिथून देवळापर्यंत साधारण पाचशे पायऱ्या. अठराव्या शतकात उमाबाई दाभाडे यांनी त्या बांधून घेतल्या असं सांगतात. २०१८ पासून पायऱ्यांना पर्याय म्हणून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. उतारावर रूळ टाकलेले, त्यावरून डबा दोरखंडाने वर ओढला जातो. या ट्रॉलीबद्दल लोकांचा एक ठाम गैरसमज असतो, की ती पायथ्यापासून वर नेते. "घाट नको रे बाबा, आम्ही खालूनच ट्रॉलीने जाऊ." तसं नाही! ट्रॉली गडावरच्या गावातून देवळाकडे जाते. घाट रस्त्यानेच चढावा लागतो, मग पुढे पायऱ्या की ट्रॉली हे ठरवायचं.

आणि ट्रॉली म्हणजे रांग संपली असंही नाही. गर्दीच्या दिवशी ट्रॉलीला रांग, दर्शनाला रांग, उतरताना पुन्हा रांग. ज्यांना चालता येतं पण उभं राहवत नाही (संधिवाताची बरीच माणसं अशी असतात) त्यांना पायऱ्या सावकाश चढणं एखादवेळेस रांगेपेक्षा सोपं जातं. ज्यांना उभं राहवतं पण चढवत नाही त्यांना ट्रॉली. हा फरक घरी बसूनच आईला विचारा. "तुला जमेल ना?" असं विचारलंत तर ती 'हो'च म्हणणार. तिला देवी दिसतेय समोर! "तासभर उभी राहशील, की थांबत थांबत पायऱ्या चढशील?" असं विचारा, म्हणजे खरं उत्तर मिळेल.

माकडं भरपूर आहेत. हातात पिशवी, पिशवीत केळी, हे समीकरण तिथे चालत नाही.

एक गोष्ट आणखी, ती सहसा कोणी सांगत नाही. तुमच्या घरातला फोटो जुना असेल तर देवी तशी दिसणार नाही. वर्षानुवर्षं चढत गेलेला शेंदराचा जाड थर २०२२ साली काढला. त्या कामासाठी मंदिर काही आठवडे दर्शनाला बंद होतं आणि नवरात्राच्या सुरुवातीला, २६ सप्टेंबर २०२२ ला, पुन्हा उघडलं. आता खडकात कोरलेलं मूळ रूप दिसतं. पन्नास वर्षं मनात एक चेहरा घेऊन वर आलेल्या बाईला गाभाऱ्यासमोर हे अचानक कळलं तर ती गोंधळते, आणि तेवढ्यात रांग तिला पुढे ढकलते. दर्शनाचे ते दोन-चार क्षण हेच तर तिच्या सगळ्या प्रवासाचं फळ. आधी सांगितलं असतं तर ती बघायला तयार होऊन आली असती.

कधी जायचं? रामनवमी ते चैत्र पौर्णिमा हा चैत्रोत्सव. खानदेशातून, धुळे-जळगाव-नंदुरबारकडून, हजारो माणसं उन्हातान्हात चालत येतात. दरेगावच्या गवळी घराण्याकडे गडाच्या शिखरावर कीर्तिध्वज लावायचा मान आहे. सुळका बघितलात तर रात्रीच्या अंधारात माणूस तिथे चढतो कसा, हा प्रश्न पडतोच. नवरात्र आहेच, आणि कोजागरीला कावडी घेऊन येणारे भाविक. हे दिवस बघण्यासारखे आहेत यात वाद नाही, पण या दोन मोठ्या यात्रांत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं. तुमची ऑटोमॅटिक एसयूव्ही त्या दिवसांत नांदुरीच्या पार्किंगमध्ये ऊन खात बसणार. म्हाताऱ्या माणसांना घेऊन निवांत दर्शन हवं असेल तर यात्रा सोडून मधल्या दिवसांत जा, तेही शनिवार-रविवार टाळून. एक दिवस रजा टाका. मॅनेजरला 'फॅमिली इमर्जन्सी' सांगायची गरज नाही, 'देवीला चाललोय' म्हटलं तरी मिळते.

आता घाट, आणि इथे मी थट्टा बाजूला ठेवतो.

जानेवारी २००८ मध्ये दर्शन घेऊन परतणाऱ्या भाविकांची बस या घाटातून दरीत कोसळली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. १२ जुलै २०२३ ला सकाळी गडावरून खामगावकडे निघालेली एसटी गणपती पॉइंटजवळ दरीत गेली. एका महिलेचा मृत्यू झाला, बाकीचे प्रवासी जखमी झाले. एका रस्त्यावर, पंधरा वर्षांच्या अंतराने. दर वेळी बातम्या आल्या, कठड्यांची चर्चा झाली, आणि वणीचं माहात्म्य सांगणाऱ्या मजकुरात घाटाबद्दल एकच वाक्य कायम राहिलं: 'वळणावळणाचा नयनरम्य घाट.'

रम्य आहे, नाही कोण म्हणतं! पण मी कुणाला रस्ता सांगतो तेव्हा हे सांगतो. अंधार पडण्याआधी उतरा. पावसाळ्यात सकाळच्या धुक्यात निघायची घाई करू नका, तासभर थांबून चहा प्या. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, सतत ब्रेकवर पाय नको. पुण्याहून रात्री एकला निघून, दर्शन घेऊन, त्याच ड्रायव्हरने त्याच दिवशी परत, हा जो आपला लाडका 'वन डे प्लॅन' आहे तो करूच नका. ड्रायव्हर भाड्याचा असेल तर तो कधी झोपला होता हे विचारणं उद्धटपणा नाही. सोय आणि गैरसोय एवढाच प्रश्न असता तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

मला माहितीचं महत्त्व कुठे कळलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त कॅनडात कॅलगरीला होतो. प्रेअरी म्हणजे तो नजर जाईल तिथपर्यंतचा गवताळ, गव्हाचा प्रदेश, आणि त्याच्या कडेला हे मोठं शहर. हिवाळ्यात पारा उणे तीसला जाऊ शकतो. पोचल्या पोचल्या हातात जी माहिती पडली त्यात शहर किती सुंदर आहे हे शेवटी होतं. सुरुवातीला काय? तर कान झाका. गाडीच्या बॉनेटमधून लोंबणारी वायर दिसली तर घाबरू नका, इंजिन गरम ठेवायला ती रात्री प्लगमध्ये लावायची असते. डाउनटाउनमध्ये इमारती एकमेकींना वरून जोडणारे बंद पूल आहेत, जमिनीपासून सुमारे पंधरा फुटांवर म्हणून त्यांचं नाव 'प्लस फिफ्टीन', थंडीत त्यातून चाला. त्या शहराला देवत्व नाही, इतिहासही आपल्या मानाने कालचा. पण नवखा माणूस पहिल्या दिवशी कुठे अडेल याचा विचार कोणीतरी बसून केलेला होता. आपल्याकडे नवखा माणूस अडला की आपण म्हणतो, "विचारायचं ना कुणाला तरी!"

आणि खरं सांगायचं तर विचारण्याची आपली पद्धत उत्तम होती, नव्हे आहे. खानदेशातून चालत येणाऱ्या पदयात्रेला कुठल्याही वेबसाइटची गरज नसते. कुठे सावली, कुठे पाणी, कुठल्या गावात रात्रीचा मुक्काम, पायाला फोड आले तर काय करायचं, हे सगळं दरवर्षी येणाऱ्या जुन्या माणसांच्या डोक्यात असतं, आणि नवा माणूस त्यांच्या बरोबरीनेच चालतो. माहिती आणि माणूस एकत्र प्रवास करतात. आपण शहरात आलो, एकेकटे गाडीत बसलो आणि ती साखळी तुटली. तिच्या जागी आपण ठेवलं काय? अठरा आयुधांची यादी!

यावर एक नेहमीचा आक्षेप असतो. "देवाच्या दारी सोय कसली बघता? कष्ट हीच भक्ती." मला तो आक्षेप फालतू वाटत नाही. जो दीडशे किलोमीटर अनवाणी चालत येतो त्याला ट्रॉलीची माहिती देऊन मी त्याच्या भक्तीत काही भर घालणार नाही. पण त्याचे कष्ट त्याने स्वतः निवडलेले आहेत, काय वाढून ठेवलंय ते ओळखून. पायऱ्या किती ते ठाऊक नसलेली, मुलाच्या भरवशावर आलेली आई अर्ध्या वाटेत छातीवर हात ठेवून बसते, तिने काही निवडलेलं नसतं. तिला कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. आणि सोयीचं म्हणाल तर उमाबाईंच्या पायऱ्या काय होत्या? त्या काळची ती ट्रॉलीच की! आपल्यामागून येणाऱ्याची वाट थोडी सोपी करणं यातही पुण्य असतं, असं आपल्याकडे पूर्वीपासून मानत आले आहेत. नाहीतर इतके घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या गेल्याच नसत्या.

जाता जाता वणी गावाबद्दल, कारण त्याच्यावर फार अन्याय होतो. नाव त्याचं, गर्दी गडाची. वणीत जगदंबेचं मंदिर आहे, आणि ज्यांना गड चढवत नाही त्यांनी इथे दर्शन घ्यावं अशी श्रद्धा आहे. म्हणजे गुडघ्यांचा विचार वणीकरांनी आपल्या कितीतरी आधी केलेला! ज्यांच्या आईला डॉक्टरांनी चढ साफ बंद केलाय त्यांनी हे तिला जरूर सांगा. हात हलवत परत आल्यासारखं वाटणार नाही तिला. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पेट्रोल आहे, औषधाची दुकानं आहेत, हे घाटाकडे वळण्याआधीच लक्षात ठेवा. इतिहासाची आवड असेल तर, ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर परतताना शिवाजी महाराजांनी दाऊदखान कुरेशीच्या मोगली फौजेला याच वणी-दिंडोरीच्या मुलखात उघड्यावर झुंज दिली. किल्ल्याच्या आडोशाशिवाय झालेली ही लढाई, आणि आपण तिथून काचा वर करून ऐंशीच्या स्पीडने जातो. जानेवारी ते मार्च गेलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांच्या बागा. थांबा, घ्या, खा.

असो. बोलता बोलता बरंच झालं.

माझं मागणं फार मोठं नाही. पुढच्या वेळी गडावर जाऊन आलात की फोटो टाकता तसं चार ओळीही लिहा. तारीख घाला, वार घाला. ट्रॉलीला किती वेळ थांबलात, बायकांसाठी स्वच्छ बाथरूम कुठे सापडलं, शेवटची एसटी किती वाजता निघाली, धुकं होतं का, आईला बसायला जागा कुठे मिळाली. तारीख महत्त्वाची, कारण वेळापत्रकं आणि दर बदलतात आणि तारीख नसलेली माहिती दुधासारखी नासते. देवीचं माहात्म्य लिहायला मोठमोठी माणसं होऊन गेली, ते काम काही आपलं अडलेलं नाही. शेवटची एसटी कधी सुटते हे मात्र काल जाऊन आलेला माणूसच सांगू शकतो.

आणि हो, नवरात्राच्या आधी मला विचारायला याल तेव्हा "कसं जायचं?" असं विचारू नका. "कोणाला घेऊन चाललोय" ते आधी सांगा. रस्ता त्यावर ठरतो.